भीती पुढून वाटली की मागून?

आमच्या घरमालकांनी जगातली एकही वस्तू पूर्ण झाली असं आजवर कबूल केलेलं नाही. अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनच्या अंगाला त्यांचं घर आहे. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बांधकाम चालू असताना आलो. गच्चीवर सळया उभ्या, जिन्याला एकाच बाजूने कठडा, आणि दारावरची बेल दाबली की आवाज न होता आतल्या खोलीत लाल दिवा लागायचा. पुढे कळलं की हे असंच आहे आणि गेली कित्येक वर्षं असंच आहे. "कठडा लावायचाच आहे रे," ते म्हणायचे, "पण उंची ठरत नाही. कमरेला लागला पाहिजे, पण कोणाच्या कमरेला?" एकदा त्यांना कुकरची शिट्टी कर्कश वाटायला लागली. त्यांनी ती कानशीने इतकी घासली की तिचा आवाज खरोखर गोड झाला, अगदी लांबून कोणी हाक मारावी तसा. फक्त पुढचा महिनाभर घरात डाळ शिजली नाही. काकू एकदा डाळीची वाटी त्यांच्यापुढे आपटून म्हणाल्या, "आता हिलाच शिट्टी मारायला लावा." काका वाटीत बोट घालून दाणा दाबून बघत म्हणाले, "शिजतेय. थोडं ट्यूनिंग राहिलंय."

मी नांदेड जिल्ह्यातल्या किनवटकडचा. आठवीतून शाळा सुटली ती सुटलीच. मग कोणाच्या तरी ओळखीने इकडे एमआयडीसीत पुठ्ठ्याचे खोके बनवायच्या कारखान्यात लागलो. बायको आणि पोरगी गावी, आणि मी हातात एक पिशवी घेऊन खोली शोधत फिरत होतो. दर दारात तेच प्रश्न. गाव कोणतं, इथे ओळखीचं कोण, एकटा का, आधार कार्डावरचा पत्ता इतक्या लांबचा कसा. मी मुळात घाबरट माणूस. साधा प्रश्न विचारला तरी मला आपण काहीतरी चोरल्यासारखं वाटतं, आणि तोंडही तसंच होतं. काकांनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "वजन किती?"

मी म्हटलं, "कशाचं?"

"तुझं."

"साठच्या आत असंल, काका."

"चालेल," ते म्हणाले, आणि गच्चीवरची खोली दाखवायला निघाले. ना गाव विचारलं, ना ओळख. तेव्हा ह्या प्रश्नाचा मला काहीच उलगडा झाला नाही. मोठ्या शहरात असंही विचारत असतील असं समजून मी त्यांच्यामागे जिना चढलो. त्या दिवसापासून त्या गल्लीत माझं नाव नांदेड पडलं, कारण किनवट कुठे आहे हे कोणाला माहीत नव्हतं आणि विचारायला कोणाला वेळ नव्हता.

काका जवळच्या जांभूळ गावाला पाण्याच्या कामावर पंप चालवायचे. उभी हयात त्यांनी पंपांच्या आवाजात काढली, आणि त्यामुळे त्यांचा एक पक्का समज झाला होता की जगात जे जे चालतं ते सगळं पोटातून बोलतं, ऐकणारा पाहिजे. त्यांच्याकडे सागाची एक गुळगुळीत काठी होती. तिचं एक टोक यंत्रावर आणि दुसरं कानाच्या हाडावर टेकवायचं की आतला आवाज कळतो म्हणे. फ्रीज, मिक्सर, शेजारणीची शिलाई मशीन, सगळ्यांना ती काठी लागून गेली होती. मी आलो त्या थंडीत मला खोकला झाला. मी तो अंगावर काढत होतो, कारण सुट्टी मागायची मला भीती वाटायची. एका सकाळी मी नळावर दात घासत असताना काकांनी मागून येऊन ती काठी माझ्या पाठीला लावली. बराच वेळ ऐकलं, आणि म्हणाले, "नांदेड, बेअरिंग गेलंय. चल." मला स्कूटरवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो काढायला लावला आणि खरंच आत काहीतरी निघालं. औषधं चालू होती तोवर काकू मला वर जेवण पाठवत होत्या, आणि काका रोज काठी लावून "आज जरा स्मूद आहे" असं सांगत होते. सख्ख्या भावाने इतकं केलं नसतं. तेव्हापासून ह्या माणसाला कशालाही नाही म्हणायची ताकद माझ्यात उरली नाही. आणि इथूनच माझे सगळे रविवार संपले.

कारण अंगणात, पत्र्याच्या शेडखाली, ती गाडी होती.

गाडी म्हणजे स्पोर्ट्स कार. असं काका म्हणायचे. गल्लीतली पोरं तिला टाकी म्हणायची, कारण पाण्याच्या मोठ्या पाइपांना देतात तो निळा रंग काकांनी तिला दिला होता. रिटायर झाल्यावर लोक चारधाम करतात, काकांनी चौकोनी पाइप वेल्डिंग करून सांगाडा उभा केला. त्यात एका अपघातातल्या छोट्या गाडीचं इंजिन बसवलं, तेही पाठीमागे. वर छप्पर नाही, बाजूला दारं नाहीत, दोन सीट. त्या सीट उल्हासनगरच्या एका सोफेवाल्याने शिवल्या होत्या. त्याने आयुष्यात सोफ्याखेरीज काही शिवलं नव्हतं, त्यामुळे मरून रेक्झिन, त्यावर ओळीने बटणं आणि खाली झालर. बसलं की वाटायचं, आता कोणीतरी पोह्यांची प्लेट घेऊन येईल. इंजिन नेमकं पाठीशी असल्याने थोड्या वेळात पाठ मात्र शेकून निघायची.

ही गाडी घेऊन त्यांना ऑटोक्रॉसमध्ये उतरायचं होतं. ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या मैदानात लाल शंकू मांडतात आणि एकेक गाडी त्यांच्यामधून वळणं घेत घड्याळ लावून सोडतात. शंकू पडला तर दंड. बदलापूरच्या बाहेर पोरांचा एक क्लब दर वर्षी अशी शर्यत भरवतो. काका दर वर्षी ती बघायला जायचे आणि घरी येऊन सांगायचे, "पुढच्या वर्षी आपण."

काकूंनी ते बरीच वर्षं ऐकून घेतलं. त्या मागच्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात आमच्यासारख्या एकट्या कामगारांचे डबे करायच्या, आणि अंगणात पोळीभाजी केंद्र काढायचं त्यांच्या मनात फार दिवसांपासून होतं. रस्त्याकडेची जागा, समोर दोन कारखान्यांची बस थांबते, अजून काय पाहिजे? "गाडी झाली की जागा तुझी," असं काकांनी त्यांना कबूल केलं होतं. पण मघाशी सांगितलंच, काकांच्या हातून वस्तू होत नाही. शेवटी एका रविवारी काकू विहारातून वंदना करून आल्या, पांढऱ्या साडीतच शेडखाली उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, ऐका. ह्या वर्षी शर्यतीत उतरा. एकही शंकू न पाडता एक फेरी पूर्ण करून दाखवा. जमलं तर ही जागा जन्मभर तुमच्या गाडीची, मी चकार शब्द काढणार नाही. नाही जमलं तर जागा माझी. नांदेड, तू साक्षीदार."

काका गाडीखाली होते. तिथूनच म्हणाले, "मंजूर."

मी दोघांचंही मीठ खाल्लेलं. तेव्हापासून माझा जीव दोन्हीकडे टांगलेला. काका जिंकावेत असंही वाटायचं, आणि त्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात घाम पुसणाऱ्या काकू दिसल्या की वाटायचं, हरले तर बरं.

मग गाडी जुळवायचं काम सुरू झालं आणि माझी कंबर कामाला लागली. आठवडाभर कारखान्यात उभं राहायचं, आणि रविवारी सकाळी काकांच्या मागे उल्हासनगरला. तिथे एका सिंधी साईंचं जुन्या-नव्या पार्टचं दुकान होतं. दुकान कसलं, नुसतं बीळ. साईं आत बसायचे आणि त्यांच्या डोक्यावर सायलेन्सर लोंबकळत असायचे. काका ह्या गाडीची स्प्रिंग त्या गाडीला लावायला मागायचे, आणि साईं कपाळावर हात मारायचे.

"अरे बाबा, ये रिक्षा का है. आपको कार में लगाना है?"

"साईं, रिक्षाला काय जीव नसतो का?"

"देखो काका, मेरे पास दोन टाइपचा माल आहे. एक ओरिजिनल, एक ओरिजिनल जैसा."

"तिसरा दाखवा. जो कुठेच बसत नाही तो."

"वो तो आप खुद हो," साईं म्हणायचे, आणि चहा मागवायचे.

तिथून आणलेल्या स्प्रिंगा खांद्यावर घेऊन मी यायचो. संध्याकाळी बायकोचा फोन आला की ती विचारायची, "आज सुट्टी होती ना, झोपलात का?" मी म्हणायचो, "नाही, स्प्रिंगा आणल्या." इतक्या लांबून तिला काय समजावून सांगणार?

चारही चाकांवर वजन बरोबर वाटलं गेलं पाहिजे, हा काकांचा पुढचा ध्यास. त्याला चार मोठे काटे लागतात. ते होते नाक्यावरच्या भंगारवाल्याकडे. तो बिचारा काटे द्यायला एका पायावर तयार झाला, स्वतः हातगाडीवर घालून घेऊन आला, कारण त्याला वाटलं गाडी एकदाची भंगारात निघाली. चार चाकांखाली चार काटे ठेवले. काका स्टिअरिंगवर बसले आणि मला म्हणाले, "तू पण बस."

"मी कशाला?"

"रिकामी सीट घेऊन गाडी कधी धावते का? दोन माणसांची गाडी आहे, दोन माणसं धरूनच जुळवायची."

पहिल्या दिवशी वजन का विचारलं ते मला आता कळलं, आणि मी त्या मरून झालरीवर बसलो. भंगारवाला काट्यांवरचे आकडे वाचत होता, काका उतरून स्प्रिंगांखालच्या चकत्या पान्याने फिरवत होते, परत चढत होते, परत उतरत होते. माझ्या बाजूने गाडी दबते म्हणून त्यांनी डाव्या स्प्रिंगा वर चढवल्या. मला हलायची परवानगी नव्हती. खाज आली तरी विचारून खाजवायचं. दुपार टळली तेव्हा कुठे डावी-उजवी बाजू सारखी झाली आणि काकांच्या तोंडावर असं समाधान आलं की मी पाठीची रग विसरलो. भंगारवाल्याने मात्र उठताना मला हळूच विचारलं, "तू पण यातच जाणार काय?"

टायरची परीक्षा काकूंकडे होती. वळणं घेऊन आलेला टायर कुठे किती तापला ह्यावरून हवा कमी की जास्त ते कळतं. काकांनी आधी स्वतः हात लावून पाहिला, पण पान्यांनी त्यांच्या बोटांना घट्टे पडलेले, त्यांना सगळंच कोमट लागायचं. मग ते काकूंना आमच्या सरावाला जांभूळपर्यंत घेऊन यायला लागले. ज्या गाडीवर दात, तिच्याच चाकाला काकू खाली बसून हात लावायच्या, आणि तेही अगदी मन लावून. ती त्यांची सवयच. "मधे करपलीय आणि कडा कच्च्या," त्या सांगायच्या. "हवा जास्त झाली तुमची." चपाती फुगली की मधोमध तव्याला टेकते, तसंच आहे म्हणाल्या. काकांनी हवा काढली, आणि गाडी खरंच वळणाला चिकटायला लागली. मी काकूंना विचारलं, "काकू, तुम्ही त्यांनाच जिंकवताय की." त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "मग काय खोटं सांगू? टायर काय म्हणतो ते मी सांगते. हरायचं ते त्यांनी स्वतःच्या हाताने."

जांभूळला काकांचा कामावरचा एक जुना दोस्त होता, तिथलाच शेतकरी. त्याच्या शेतालगतचा माळ मोकळा असायचा. टेम्पोत फळ्या लावून गाडी चढवायची, तिथे उतरवायची, रंगाच्या रिकाम्या बादल्या शंकूंसारख्या मांडायच्या, दिवसभर धूळ खायची आणि संध्याकाळी परत चढवायची. दोस्त बांधावर बसून बघायचा. "आरं, त्यापरीस माझ्या खल्यावर चार गिरक्या मार," तो ओरडायचा, "भात तरी झोडून व्हंल!"

आणि त्या माळावर मला माझी खरी नोकरी कळली. काकांना गप्प बसून गाडी चालवता येत नाही. ते चालवताना बोलतात, ते बोलणं ऐकायला डावीकडे माणूस लागतो, आणि तो माणूस मी. "बादली आली, आता सोडतोय, आता दाबतोय, काल ती वांग्याची भाजी खारट होती का रे, धर धर धर!" वळणाला मातीचा लोट माझ्या अंगावर यायचा आणि मी लोखंडी दांडा धरून आमच्या गावच्या सगळ्या देवांना आठवायचो. पहिल्याच दिवशी फेरी संपली तेव्हा त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "काय वाटलं?"

मी खरं ते सांगितलं. "भीती वाटली, काका."

मला वाटलं हसतील. लहानपणापासून माझ्या भीतीला सगळेच हसत आलेत. शाळेत गुरुजी हसले, कारखान्यात सुपरवायझर हसतो. पण काकांनी इंजिन बंद केलं, पूर्ण माझ्याकडे वळले आणि गंभीरपणे विचारलं, "पुढून वाटली की मागून?"

"म्हणजे?"

"म्हणजे गाडी वळतच नाही, सरळ बादलीवर जातेय अशी भीती, की ढुंगण फिरून आपण उलटे होतोय अशी?"

मी डोळे मिटून नीट आठवलं. "दुसऱ्या वळणाला पुढून. शेवटच्याला मागून."

"शाब्बास!" असं म्हणून ते उडी मारून उतरले आणि पुढच्या चाकांची थोडी हवा सोडली. पुन्हा फेरी. पुन्हा तोच प्रश्न. पुढून गेली, मागून उरली. मग मागच्या चकत्या फिरवल्या. असं दिवसभर. महागाच्या गाड्यांना म्हणे कॉम्प्युटर लावून हे मोजतात. काकांकडे मी होतो. "हा कधी खोटं बोलत नाही," ते दोस्ताला सांगायचे, "ह्याची भीती एकदम सेन्सिटिव्ह आहे." थकून खोलीवर गेल्यावर मी ते वाक्य आठवत पडून राहायचो. ज्याच्यापायी आयुष्यभर शिव्या खाल्ल्या ते कोणाच्या तरी उपयोगाला आलं, हे मला पटायलाच बरेच रविवार लागले. हळूहळू सगळ्याच वळणांना माझी भीती अगदी बारीक झाली. एक दिवस मी सांगितलं, "काका, आज कुठूनच नाही वाटली." काकांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. मला वाटलं, आता हे म्हणणार, झाली. पण ते उठून म्हणाले, "पुढच्या रविवारी वाटेल बघ. अजून राहिलंय थोडं."

शर्यतीच्या सकाळी आम्ही चौघं गेलो. काका, काकू, मी आणि जांभूळचा दोस्त. मैदानात पोरांच्या चकचकीत गाड्या, काळे चष्मे, स्पीकरवर गाणी. आमची टाकी टेम्पोतून उतरली तशी पोरांनी मोबाइल काढले. पण हसली नाहीत हां. एक जण तर सीटची बटणं मोजत म्हणाला, "काका, मस्त है ये." तपासणीला एक मुलगी होती, क्लबचं जाकीट घातलेली. तिने ब्रेक पाहिले, पट्टे पाहिले, काकांचं हेल्मेट ठोकून पाहिलं. मी माझं हेल्मेट घालून शेजारी बसलो होतोच. तिने मला म्हटलं, "दादा, तुम्ही उतरा. ओन्ली ड्रायव्हर."

काका म्हणाले, "तो गाडीतलाच आहे."

"नाही काका, गाडीत एकटंच जायचं असतं. सगळेच एकटे जातात, बघा ना."

आम्ही पाहिलं. खरंच, सगळे एकटे जात होते. काका इतकी वर्षं ही शर्यत बघायला येत होते, पण त्यांनी गाड्या पाहिल्या, टायर पाहिले, वळणं पाहिली. शेजारची सीट रिकामी असते हे त्यांच्या कधी डोळ्यांतच शिरलं नाही. स्वतःची गाडी मनात धरून बघत असतील, त्यात शेजारी कोणीतरी बसलेलंच असणार.

आणि आमची अख्खी गाडी मला धरून जुळवलेली. मी उतरलो तशी ती डावीकडून टुणकन वर आली. काकांनी तिच्याकडे पाहिलं. चकत्या परत फिरवायच्या तर काटे हवेत, निदान अर्धा दिवस हवा. जांभूळच्या दोस्ताने काकूंच्या डब्यांसाठी टेम्पोत टाकलेलं तांदळाचं पोतं आणलं. "ह्याला बसव," तो म्हणाला. मुलगी घाबरली. "नाही नाही, सुटं सामान चालत नाही गाडीत!"

"सुटं कुठंय? शिवलंय ना त्वांड," दोस्त म्हणाला. पण ती ऐकेना, आणि तिचं बरोबरच होतं.

मी उतरून उभा राहिलो. मला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण हात रिकामे वाटत होते, दांडा धरल्यासारख्या मुठी आपोआप वळत होत्या. काकू माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं.

दोन फेऱ्या मिळणार होत्या. पहिल्या फेरीत पहिल्याच डाव्या वळणाला डावं मागचं चाक जमीन सोडून वर आलं, हवेत गरागरा फिरलं, आणि गाडी तिरकी होऊन ओळीने शंकू घेऊन गेली. परत आल्यावर काका नुसते म्हणाले, "हलकी झालीय." मी म्हटलं, "काका, डावीकडे हळू घ्या." त्यांनी मान हलवली. मग काकू जवळ गेल्या आणि त्यांनी काकांच्या हेल्मेटचा पट्टा घट्ट केला.

दुसरी फेरी काकांनी अशी चालवली की मी तशी कधी पाहिली नाही. डाव्या वळणाला सोडून देत, उजव्याला दाबत, वाकड्या गाडीला चुचकारत नेत होते. पहिलं वळण सुटलं. दुसरं सुटलं. मैदानाच्या त्या टोकाचं अवघड, उलटं फिरायचं वळण, तेही सुटलं. एकही शंकू हलला नाही. लांबून मला एवढंच दिसत होतं की हेल्मेटच्या आत काकांची हनुवटी सारखी हलतेय. बोलत होते. रिकाम्या सीटशी बोलत होते. शेवटचे दोन शंकू आणि पुढे पांढरी रेघ. आणि तिथे काकांनी मान डावीकडे वळवली.

अगदी सवयीने वळवली, माळावर दर फेरी संपताना वळवायचे तशी. तेवढ्यात गाडी सरळ गेली आणि शेवटचा शंकू आडवा झाला. एकच.

आम्ही धावत गेलो. काकांनी इंजिन बंद केलं होतं. हेल्मेट काढून मांडीवर घेतलं होतं. केस घामाने चिकटलेले. मला पाहून जरासे हसले. "विचारलं तुला," ते म्हणाले, "उत्तर आलं नाही, म्हणून बघितलं."

मी तो आडवा झालेला शंकू उचलून सरळ ठेवला. माझं काम नव्हतं ते, तिथल्या पोरांचं होतं. काकू गाडीच्या दुसऱ्या बाजूने आल्या आणि रिकाम्या सीटवर, त्या बटणांवर, साडी सावरून बसल्या. इतक्या वर्षांत त्या गाडीत पहिल्यांदा बसल्या असतील. म्हणाल्या, "पैज मी जिंकले."

"जिंकलीस," काका म्हणाले.

"एक शंकू असला तरी पडला तो पडला."

"पडलाच की."

मग दोघं तसेच पुढे बघत बसून राहिले. ती जाकीटवाली मुलगी येऊन "काका, गाडी बाजूला घ्या ना, प्लीज" असं म्हणाली तेव्हाच उठले.

त्याच आठवड्यात शेड रिकामी झाली. काकांनी दिलेला शब्द असा पाळला की आम्हालाच वाईट वाटलं. स्वतः ओटा बांधला, कडप्पा बसवला, पाण्याचा नळ बाहेर आणला, आणि पोळीभाजी केंद्र चालू झालं. पहिल्याच दिवशी समोरच्या बसमधले लोक उतरून रांगेत उभे राहिले. काकू आता उजेडात पोळ्या लाटतात. त्यांचा चेहरा इतका मोकळा आहे हे आम्हा डबा खाणाऱ्यांना कधी कळलंच नव्हतं. काका गिऱ्हाइकांना पाणी देतात आणि भाजीवर चर्चा करतात. एकदा काकूंनी विचारलं, "पुढल्या वर्षी एकट्याला धरून जुळवा ना तिला. मी काय नाही म्हणते का?" काका ग्लास विसळत म्हणाले, "एकट्याने पळायची गाडी मला करायचीच नव्हती गं." परत तो विषय निघाला नाही.

गाडी जांभूळला दोस्ताच्या गोठ्याशेजारी पेंढ्याच्या आडोशाला ठेवली आहे. ठेवून महिना झाला असेल, एका रविवारी काका म्हणाले, चल, इंजिन चालू करून येऊ, नाहीतर जाम होईल. मी रात्रपाळी करून आलो होतो, डोळे चुरचुरत होते, पण नाही म्हणवलं नाही. जाऊन बघतो तर डाव्या सीटवर एक कोंबडी अंडी घालून उबवत बसलेली. झालरीवर पिसं फुलवून, डोळे अर्धे मिटून. दोस्त म्हणाला, "थांब, हाकलतो तिला." काकांनी त्याचा हात धरला. "नको. इंजिनाचा आवाज नको आता तिला. तिचं होऊ दे."

मग आम्ही तिघं तिथेच पेंढ्यावर टेकलो. बांधापलीकडे कोणीतरी नांगर फिरवत होतं. काका बोलतील म्हणून मी वाट पाहत होतो, पण ते नुसते कोंबडीकडे बघत होते. मला कधी झोप लागली कळलं नाही. गावाहून निघाल्यापासून अशी झोप मला लागली नव्हती. दचकून उठलो तेव्हा ऊन उतरलं होतं, आणि काकांनी आपला सदरा काढून माझ्या डोक्यावर सावलीला धरला होता.

पिल्लं कधीच निघाली, मोठी झाली, त्यांतली काही विकलीही गेली. काकांनी मात्र अजून गाडी चालू केलेली नाही. अधूनमधून रविवारी विचारतात, "जांभूळला येतोस का?" मी कितीही दमलेला असलो तरी जातो. दोघं तिथे थोडा वेळ बसतो आणि शेवटची बस धरून परत येतो.